वाचकांचे प्रश्न : ‘येस मिनिस्टर’च्या दुसऱ्या पर्वातील आवडते भाग

ब्रिटिश विनोदी मालिकांविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांत या वेळी ‘येस मिनिस्टर’ने इतकी जागा व्यापली आहे, की संपूर्ण सदर तिलाच द्यावे हे मला योग्य वाटले. त्यातही बहुतेकांचा रोख १९८१ साली प्रसारित झालेल्या दुसऱ्या पर्वावर असल्याने उत्तरेही त्या सात भागांभोवतीच ठेवली आहेत. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख देतो. अँटनी जे आणि जोनाथन लिन यांनी लिहिलेली ही मालिका फेब्रुवारी १९८० मध्ये बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर सुरू झाली. जिम हॅकर हे ‘प्रशासकीय व्यवहार’ नावाच्या काल्पनिक खात्याचे मंत्री आहेत आणि सर हम्फ्री ॲपलबी हे त्या खात्याचे सचिव आहेत. बर्नार्ड वूली हा मंत्र्यांचा खासगी सचिव. त्याची बढती सचिवांच्या हाती असते आणि रोजचे काम मात्र मंत्र्यांच्या दालनात असते, त्यामुळे दोन्ही घरचा पाहुणा होण्याची वेळ त्याच्यावर दर भागात येते. पॉल एडिंग्टन, नायजेल हॉथॉर्न आणि डेरेक फोल्ड्स यांनी अनुक्रमे या भूमिका केल्या.

प्रश्न : या मालिकेच्या चाहत्यांशी बोलताना रुग्ण नसलेल्या रुग्णालयाचा भाग सगळ्यांच्या तोंडी असतो. तो विनोदी आहे हे मान्य आहे. पण पर्वातील इतर सहा भागांना मागे टाकण्यासारखे त्यात नेमके काय आहे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपण म्हणता तो भाग म्हणजे ‘द कंपॅशनेट सोसायटी’. २३ फेब्रुवारी १९८१ रोजी याच भागाने दुसऱ्या पर्वाची सुरुवात झाली, आणि केवळ या पर्वातील नव्हे तर संपूर्ण मालिकेतील सर्वोत्तम भाग म्हणून त्याचे नाव आजही घेतले जाते. कथा थोडक्यात अशी आहे. उत्तर लंडनमध्ये सेंट एडवर्ड्स नावाचे नवेकोरे रुग्णालय उभे राहिले आहे आणि ते सुरू होऊन वर्ष उलटले आहे. सरकारी खर्चातील कपातीमुळे डॉक्टर आणि परिचारिका नेमायला पैसे उरलेले नाहीत, त्यामुळे तेथे एकही रुग्ण नाही; मात्र प्रशासकीय अधिकारी, कारकून, स्वयंपाकी, सफाई कामगार, माळी असे पाचशेहून अधिक लोक रोज कामावर येत आहेत. हॅकर यांना हे कळते तेव्हा ते हादरतात आणि सर हम्फ्रींना जाब विचारतात.

यानंतर जे घडते ते मुद्दाम सावकाश पाहावे. सर हम्फ्री सारवासारव करत नाहीत, काही लपवत नाहीत आणि एकही खोटे वाक्य बोलत नाहीत. पाचशे माणसे करतात तरी काय, या प्रश्नावर ते एकेक विभाग शांतपणे मोजून दाखवतात. संप, आग, साथीचे रोग आणि अणुयुद्धापर्यंतच्या आपत्तींची आगाऊ तयारी करणारा विभाग आहे. परिसरातील लोकसंख्येची पाहणी करणारा विभाग आहे. हिशेब, खरेदी, इमारत, देखभाल, खानपान, कर्मचारी यांचे विभाग आहेत. आणि एवढ्या सगळ्यांचा कारभार पाहायचा म्हणजे प्रशासन विभाग आलाच. यातले प्रत्येक काम खऱ्या रुग्णालयाला लागतेच, म्हणून हॅकर यांना कोणत्याही एका विभागावर बोट ठेवता येत नाही. यशाचे मोजमाप आम्ही फळावरून करत नाही, चाललेल्या कामावरून करतो, आणि काम तर येथे भरपूर चालले आहे, अशा आशयाचे सर हम्फ्रींचे उत्तर या भागाचा कणा आहे.

पुढे मंत्री स्वतः पाहणीला जातात. रिकाम्या खाटांच्या रांगांमधून त्यांना फिरवणाऱ्या प्रशासक मिसेस रॉजर्स या कर्तबगार बाई आहेत आणि त्यांना आपल्या रुग्णालयाचा मनापासून अभिमान आहे. देशातील सर्वोत्तम चालणाऱ्या रुग्णालयांत याची गणना होते आणि सर्वांत स्वच्छ रुग्णालयाला मिळणाऱ्या पुरस्कारासाठी ते शर्यतीत आहे, हे त्या सांगतात, तेव्हा त्या अभिमानात तसूभरही नाटकीपणा नसतो. रुग्णच नसल्यावर स्वच्छता राहणारच, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात येत नाही; हॅकर यांच्या चेहऱ्यावर मात्र ती हळूहळू उमटत जाते.

इतर भागांपेक्षा हा भाग वर का ठरतो, याचे माझे उत्तर यातच आहे. यात हसू येते ते कुणी लबाडी करतो म्हणून नव्हे, तर प्रत्येकाचा युक्तिवाद त्याच्या जागी पूर्ण आणि निर्दोष असतो म्हणून. सचिवांचे म्हणणे खरे आहे, प्रशासक बाईंचे खरे आहे, आणि नोकऱ्या वाचवण्यासाठी उभ्या राहणाऱ्या कामगारांचेही खरे आहे. कर्मचारी कमी करून त्या पैशांत डॉक्टर नेमण्याचे हॅकर यांच्या मनात येताच बिली फ्रेझर हा लढाऊ कामगार पुढारी संपाची धमकी घेऊन समोर येतो, आणि कामगार संघटना व सचिव यांचे हित अशा वेळी किती सहज जुळते हे प्रेक्षकाला दिसते. मूळ प्रेक्षकांना हा प्रसंग फार जवळचा वाटला असणार, कारण १९७८-७९ च्या हिवाळ्यात ब्रिटनमधील रुग्णालयांच्या साहाय्यक कर्मचाऱ्यांनी खरोखरच संप केला होता. अखेरीस तोडगा निघतो तो क्यूबाच्या निर्वासितांना त्या इमारतीत आसरा देण्याचा. नोकऱ्या टिकतात, मंत्र्यांना दयाळूपणाचे श्रेय मिळते आणि शीर्षकातील ‘कनवाळू समाज’ प्रत्यक्षात येतो. उत्तर लंडनच्या आजारी माणसांचे काय झाले, हे विचारायला दृश्यात कुणीच उरलेले नसते.

आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. जोनाथन लिन यांनी नंतर सांगितले आहे, की अशी रुग्णालये किंवा रुग्णालयांचे ओस पडलेले मोठे भाग देशात खरोखर होते, असे त्यांना ही कल्पना रचल्यानंतर कळले. त्यांपैकी एका ठिकाणी एकच रुग्ण होती आणि ती म्हणजे बांधकामाच्या परांचीला अडखळून पाय मोडून घेतलेली तेथलीच मुख्य परिचारिका. लेखकांनी अतिशयोक्ती म्हणून जे रचले होते ते वास्तवाच्या मागेच पडले होते.

प्रश्न : मी राज्य शासनाच्या सेवेत आयुष्य काढले. ‘द ग्रीझी पोल’ या भागात नको असलेला अहवाल कसा निकालात काढावा हे सर हम्फ्री मंत्र्यांना शिकवतात, ते दृश्य मी अनेकांना दाखवले आहे. आपल्याला ते कसे वाटते? (निवृत्त कर्मचारी, नागपूर)

उत्तर : आपण ज्या दृश्याचा उल्लेख केला आहे ते या पर्वातील सर्वांत उपयुक्त दृश्य आहे, आणि ‘उपयुक्त’ हा शब्द मी पूर्ण गांभीर्याने वापरतो. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी पार्श्वभूमी सांगतो. लिव्हरपूलच्या मर्सीसाइड परिसरातील सरकारी मालकीच्या रसायन कारखान्यात नवे रसायन तयार करण्याचे मोठे कंत्राट इटलीकडून मिळण्याची शक्यता आहे. त्या रसायनात ‘मेटाडायऑक्सिन’ नावाचा पदार्थ आहे. तो डायऑक्सिन या अत्यंत विषारी पदार्थापेक्षा वेगळा आणि निरुपद्रवी आहे असे तज्ज्ञ म्हणतात. पण नावातील साम्यामुळे लोक घाबरलेले आहेत, आणि ती भीती अकारण नाही. इटलीतील सेवेसो या गावाजवळच्या कारखान्यातून १० जुलै १९७६ रोजी डायऑक्सिनचा ढग बाहेर पडला होता आणि युरोपला त्याची आठवण ताजी होती. अहवाल प्रकल्पाच्या बाजूने येणार हे कळल्यावर मतदारांना घाबरलेल्या हॅकर यांना तो दडपायचा असतो, आणि तो दडपता कसा येईल याची माहिती सर हम्फ्री त्यांना पायरीपायरीने देतात.

पहिली पायरी म्हणजे सार्वजनिक हिताचे कारण पुढे करणे : सुरक्षिततेचा प्रश्न आहे, अहवालाचा गैरवापर होईल, अधिक व्यापक अभ्यासाची वाट पाहणे बरे. दुसरी पायरी पुराव्यावर शंका घेण्याची : काही महत्त्वाचे प्रश्न अनुत्तरित आहेत, आकडेवारीचा वेगळा अर्थ लावता येतो, निष्कर्षांत विसंगती आहे. विसंगती नसेल तर तसे प्रश्न उपस्थित झाले आहेत असे म्हणायचे, कारण ते म्हणताच प्रश्न उपस्थित होतातच. तिसऱ्या पायरीवर शिफारशी पातळ करायच्या : दीर्घकालीन निर्णयासाठी एवढा आधार पुरेसा नाही, आणि एकंदरीत पाहता अहवाल प्रचलित धोरणालाच दुजोरा देतो. एवढ्यानेही भागले नाही तर चौथी पायरी, म्हणजे अहवाल लिहिणाऱ्या माणसावर घसरणे. त्याला सरकारवर राग आहे, त्याला प्रसिद्धी हवी आहे, त्याला किताब हवा आहे. हे सगळे उघड बोलायचे नसते. वार्ताहरांच्या कानावर घालायचे असते.

आपण आयुष्यभर फायली पाहिल्या आहेत, तेव्हा यातले एकही वाक्य आपल्याला परके वाटले नसेल. हे दृश्य इतके टिकाऊ ठरण्याचे कारण असे, की त्यात कोणत्याही एका अहवालाचे, खात्याचे किंवा देशाचे नाव नाही. रसायनाच्या जागी धरण ठेवा, रस्ता ठेवा, शाळेची इमारत ठेवा, सगळी वाक्ये जशीच्या तशी लागू पडतात.

मात्र या भागातील माझे आवडते दृश्य वेगळे आहे. हॅकर, सर हम्फ्री आणि बर्नार्ड हे तिघे त्या रसायनाची चर्चा करत असतात आणि बोलता बोलता उघड होते, की तिघांपैकी एकालाही रसायनशास्त्राचा गंध नाही. ज्यांच्या सहीने कारखाना उभा राहणार किंवा बंद पडणार त्यांना त्यात काय तयार होणार आहे ते माहीत नाही, आणि याची खंतही कुणाला नाही. डिसेंबर १९८४ मधील भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर हा भाग पाहणाऱ्या भारतीय प्रेक्षकाला येथे हसताना अडखळायला होते. त्या वेळच्या ब्रिटिश प्रेक्षकाला तसे झाले नसेल. आपल्याला होते आणि ते होणे रास्त आहे. भागाचा शेवटही याच दृष्टीने पाहावा. हॅकर एकांतात अहवालाचे कर्ते प्राध्यापक हेंडरसन यांची भेट घेतात आणि पुढेमागे काही अघटित घडले तर वृत्तपत्रे त्याला हेंडरसन यांचेच नाव देतील, एवढे त्यांच्या मनात उतरवतात. अहवालातील शब्द बदलतात आणि प्रकल्प बारगळतो. सर हम्फ्रींनी शिकवलेल्या चार पायऱ्यांची गरजच मंत्र्यांना पडत नाही. भीती त्यांना स्वतःला जेवढी कळते तेवढी सचिवांना कळत नाही.

प्रश्न : सर हम्फ्री या पर्वात खलनायक ठरतात का? माझ्या मुलांना तसे वाटते, मला तसे वाटत नाही, आणि घरात यावरून नेहमी वाद होतो. (एक वाचिका, रत्नागिरी)

उत्तर : मी आपल्या बाजूने आहे आणि त्यासाठी दोन भाग पुढे करतो.

‘डुइंग द ऑनर्स’मध्ये हॅकर यांना एक नामी युक्ती सापडते. जे अधिकारी आपल्या खात्याचा खर्च पाच टक्क्यांनी कमी करणार नाहीत, त्यांच्या नावाची शिफारस सन्मानयादीत करायचीच नाही. किताब ही ब्रिटिश सनदी सेवेची जुनी परंपरा आहे; निवृत्तीपर्यंत कोणत्या पायरीवर कोणता किताब मिळायचा हे त्या काळी जवळजवळ ठरलेले असे, आणि बर्नार्ड त्या पायऱ्यांची थट्टेतील नावे मंत्र्यांना ऐकवतो तो प्रसंग चाहत्यांना तोंडपाठ असतो. या युक्तीने सगळी नोकरशाही हादरते. मंत्रिमंडळ सचिव सर अर्नॉल्ड हे सर हम्फ्रींना बोलावून घेतात आणि आवाज न चढवता असा काही जाब विचारतात, की इतरांना धाकात ठेवणारा हा माणूस शाळकरी पोरासारखा दिसू लागतो. जॉन नेटलटन यांनी साकारलेले सर अर्नॉल्ड फार थोडा वेळ पडद्यावर असतात, पण सर हम्फ्रींच्याही वर कुणी आहे हे कळल्यावर त्यांच्याकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलते.

याच भागात दुसरा धागा आहे तो ऑक्सफर्डमधील बेली या काल्पनिक कॉलेजचा. हे सर हम्फ्रींचे कॉलेज. परदेशी विद्यार्थ्यांकडून भरमसाट फी घ्यावी असे सरकारी धोरण आल्याने परदेशी विद्यार्थी येईनासे होतील आणि कॉलेज अडचणीत येईल, अशी तेथील प्रमुखांना धास्ती आहे. हा धागा काल्पनिक नव्हता. १९८०-८१ पासून ब्रिटनने परदेशी विद्यार्थ्यांना शिक्षणाचा पूर्ण खर्च फी म्हणून आकारायला सुरुवात केली, आणि त्याची झळ भारतातून तेथे शिकायला जाणाऱ्यांनाही लागली. दोन्ही धाग्यांची गाठ अशी बसते : कॉलेज हॅकर यांना सन्माननीय डॉक्टरेट देऊ करते, हॅकर त्या मोहात पडतात, कॉलेजला सवलत मिळते आणि किताब रोखण्याची योजना मागे घेतली जाते. ज्या हत्याराने मंत्री नोकरशाहीला नमवायला निघाले, त्याच हत्याराने ते स्वतः नमतात. आता सांगा, यात खलनायक कोण? सर हम्फ्रींनी फक्त मंत्र्यांची नस ओळखली.

दुसरा भाग पर्वाच्या शेवटचा, ‘अ क्वेश्चन ऑफ लॉयल्टी’. माझ्या लेखी हा पर्वातील सर्वश्रेष्ठ भाग आहे आणि रुग्णालयाच्या भागाहूनही मी त्याला वर ठेवतो. सरकारी उधळपट्टीची उदाहरणे देणारे पुस्तक एका माजी अधिकाऱ्याने लिहिले आहे, आणि संसदेची समिती आधी मंत्र्यांना आणि मग सचिवांना बोलावून त्यांची उलटतपासणी घेते. केटरिंग येथील सरकारी कार्यालयाच्या गच्चीवर ७५,००० पौंड खर्चून केलेली बाग हे त्यांतले ठळक उदाहरण आहे. बेटी ओल्डहॅम या खासदार बाईंनी विचारलेल्या थेट प्रश्नावर सर हम्फ्री प्रशासनाचे धोरण, धोरणाचे प्रशासन, धोरणाच्या प्रशासनाचे धोरण अशी एक लांबलचक साखळी विणतात. त्यात ताकास तूर लागू देत नाहीत, पण व्याकरणाची एकही चूक करत नाहीत. बाई वैतागून विचारतात, की ही निव्वळ निरर्थक बडबड आहे, नाही का? त्यावर सर हम्फ्री नम्रपणे सांगतात, की सरकारी धोरणावर भाष्य करणे माझ्या अधिकारात नाही, ते आपण मंत्रिमहोदयांना विचारावे.

हे झाले हसण्याचे. पण या भागाचे मोल पुढच्या वळणात आहे. सर हम्फ्रींचे म्हणणे असते, की मंत्री आणि सचिव यांनी समितीपुढे एका सुरात बोलावे, आणि हॅकर ते मान्यही करतात. दरम्यान पंतप्रधानांचे सल्लागार सर मार्क स्पेन्सर हॅकर यांच्या कानावर घालतात, की पंतप्रधानांना निष्ठा हवी आहे, अधिकाऱ्यांचे समर्थन नको आहे. अंतिम सुनावणीत दोघे शेजारी शेजारी बसतात आणि हॅकर समितीचे सगळे म्हणणे मान्य करून टाकतात. सर हम्फ्री एकटे पडतात. येथे विश्वासघात करणारा मंत्री आहे आणि दिलेल्या शब्दाला धरून बसलेला सचिव आहे. आपल्या मुलांना हा भाग पुन्हा दाखवावा आणि या एका प्रसंगात त्यांची सहानुभूती कुणाकडे जाते ते विचारावे. सर हम्फ्रींना राज्ययंत्रणा टिकवायची असते, हॅकर यांना पद टिकवायचे असते. दोघांनाही आपले हित हेच देशाचे हित आहे असे प्रामाणिकपणे वाटते. खलनायक असता तर ही मालिका पहिल्या पर्वातच संपली असती.

प्रश्न : उरलेल्या भागांबद्दल चाहते फारसे बोलत नाहीत. ते कमी दर्जाचे आहेत का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, पुणे)

उत्तर : कमी दर्जाचे म्हणता येणार नाहीत, पण त्यांच्यातही फरक आहे.

‘द डेथ लिस्ट’मध्ये फोन चोरून ऐकण्याच्या प्रथेविरुद्ध पूर्वी मोहीम चालवणारे हॅकर अतिरेक्यांनी ठार मारण्यासाठी केलेल्या यादीत स्वतःचे नाव असल्याचे कळताच पाळत ठेवण्याचे खंदे समर्थक होतात. कल्पना उत्तम आहे. तरीही हा भाग मला थोडा उणा वाटतो, कारण मंत्र्यांचे मत बदलते ते बाहेरून आलेल्या संकटामुळे. सर हम्फ्रींशी झालेल्या वादातून ते बदलत नाही. या मालिकेची खरी ताकद दोन माणसे टेबलाच्या दोन बाजूंना बसून बोलतात तेव्हा दिसते. ‘द क्वालिटी ऑफ लाइफ’मध्ये एका बँकेला आपल्या उंच इमारतीवर आणखी मजले चढवायचे आहेत आणि दुसरीकडे शहरातल्या मुलांसाठी चालवलेले छोटेसे शेत बंद पडण्याच्या वाटेवर आहे. दोन्ही गोष्टींची एकमेकींत गुंफण बांधेसूद आहे, पण शेवट आधीच ओळखता येतो.

‘द डेव्हिल यू नो’ मात्र अधिक लक्ष देण्याच्या लायकीचा आहे. मंत्रिमंडळात फेरबदल होणार आहेत, हॅकर यांना ब्रुसेल्समध्ये युरोपीय आयुक्तपद देऊ केले जाते आणि सर हम्फ्रींना प्रथम त्याचे काही वाटत नाही. पण हॅकर यांच्या जागी बॅझिल कॉर्बेट येणार असे कळताच त्यांचे धाबे दणाणते. कॉर्बेट हे असे मंत्री, की ज्यांच्या नुसत्या नावाने सचिवालय कापते. मग जो माणूस आजवर हॅकर यांची प्रत्येक योजना हाणून पाडत आला, तोच त्यांना जागेवर राखण्यासाठी धडपडू लागतो. आगीतून फुफाट्यात जाण्यापेक्षा आग बरी, हे सर हम्फ्रींना पटते आणि दोघांच्या नात्यातला ओलावा प्रथमच उघडा पडतो. फेरबदलाची पक्की बातमी मंत्र्यांआधी त्यांच्या मोटारचालकाला असते, हा तपशील तर मंत्रालयाच्या आवारात कधीही उभ्या राहिलेल्या माणसाला समजावून सांगावा लागणार नाही.

प्रश्न : ब्रिटिश राज्यकारभाराची माहिती नसताना ही मालिका समजेल का? आणि पहिले पर्व सोडून दुसऱ्यापासून सुरुवात केली तर चालेल का? (एक वाचिका, पणजी)

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘होय’ असे आहे. हॅकर कोणत्या पक्षाचे आहेत हे मालिकेत कुठेही सांगितलेले नाही आणि पंतप्रधान पडद्यावर येत नाहीत, त्यामुळे त्या काळातील पक्षीय राजकारण ठाऊक नसले तरी अडत नाही. आपल्याकडील सनदी सेवेची घडी ब्रिटिशांनीच बसवलेली असल्याने मंत्री, सचिव, खासगी सचिव, टिपणी, समिती, अहवाल ही सगळी मांडणी आपल्याला मुळातच परिचित आहे. मालिका दूरदर्शनवर दाखवली गेली तेव्हा भारतीय प्रेक्षकांनी तिला आपलेसे केले, ते याचमुळे. पुढे २००१ मध्ये स्टार प्लसवर ‘जी मंत्रीजी’ या नावाने तिची हिंदी आवृत्ती आली. तीत फारूख शेख मंत्री झाले होते आणि जयंत कृपलानी सचिव. फारूख शेख यांचा भाबडा चेहरा त्या भूमिकेला शोभला. तरीही मूळ मालिकेतील संवादांची घडण हाच तिचा प्राण असल्याने शक्य असेल तर आपण मूळ मालिकाच पाहावी.

दुसऱ्या पर्वापासून सुरुवात करण्याच्या बाजूने एक ठोस कारणही आहे. पहिल्या पर्वात हॅकर यांच्या सोबत फ्रँक वाइझल हा राजकीय सल्लागार असतो आणि त्यामुळे दालनात नेहमी चौथा आवाज असतो. दुसऱ्या पर्वात तो नाही. मंत्री, सचिव आणि खासगी सचिव या तिघांवर सगळा भार येतो, संवाद आवळले जातात आणि बर्नार्डला खरी जागा मिळते. आपण ‘द कंपॅशनेट सोसायटी’, ‘द ग्रीझी पोल’ आणि ‘अ क्वेश्चन ऑफ लॉयल्टी’ हे तीन भाग या क्रमाने पाहावेत. ते आवडले तर बाकीचे आपण स्वतःच शोधाल.

प्रश्न : नायजेल हॉथॉर्न यांना सर हम्फ्रींच्या भूमिकेसाठी चार वेळा बाफ्टा हा ब्रिटनमधील चित्रपट आणि दूरचित्रवाणीसाठीचा पुरस्कार मिळाला आणि पॉल एडिंग्टन यांना एकदाही नाही. हा अन्याय नव्हे काय? (एक मराठी वाचक, लंडन)

उत्तर : अन्याय होता असेच माझे मत आहे, आणि तो कसा झाला हेही सांगता येते. हॉथॉर्न यांच्या वाट्याला ती प्रसिद्ध लांबलचक वाक्ये आली. एका श्वासात, एकही शब्द न अडखळता, उपवाक्यांच्या पायऱ्या चढत जायचे आणि शेवटी काहीही न सांगता थांबायचे, हे कसब प्रेक्षकांपुढे चित्रित होत असताना साधणे फार अवघड होते. ते वाक्य संपताच टाळ्या पडत आणि त्या सगळ्यांना ऐकू येत. एडिंग्टन यांच्या वाट्याला आले ऐकण्याचे काम. सर हम्फ्रींचे वाक्य चालू असताना हॅकर यांना आधी वाटते की समजते आहे, मग शंका येते, मग घाबरगुंडी उडते, मग समजल्याचा आव आणला जातो, आणि हे सगळे एकही शब्द न बोलता चेहऱ्यावर घडते. ते नसते तर हॉथॉर्न यांची वाक्ये केवळ पाठांतराचे प्रात्यक्षिक ठरली असती.

दुसऱ्या पर्वात एडिंग्टन यांची ही ताकद पाहायची असेल तर दोन जागा सांगतो. रुग्णालयात मिसेस रॉजर्स स्वच्छतेच्या पुरस्काराचा उल्लेख करतात तेव्हा हॅकर यांच्याकडे पाहावे. बाईंच्या निरागस अभिमानापुढे संताप कसा व्यक्त करावा हे त्यांना सुचत नाही आणि सभ्यतेने मान हलवताना त्यांचे डोळे मात्र मदत शोधत असतात. दुसरी जागा समितीपुढील शेवटच्या सुनावणीची. शेजारी सर हम्फ्री बसलेले असताना हॅकर त्यांचा हात सोडतात, आणि त्या वेळी एडिंग्टन यांच्या चेहऱ्यावर अपराधीपणा, सुटकेचा आनंद आणि पंतप्रधानांची मर्जी मिळाल्याचे समाधान एकाच वेळी दिसते. बहुतेक जण तेथे सर हम्फ्रींचा धक्का बसलेला चेहरा पाहतात. पुढच्या वेळी त्या दृश्यात फक्त हॅकर यांच्यावर नजर ठेवावी, म्हणजे चार पुरस्कारांपैकी निदान एक कुणाच्या घरी जायला हवा होता याबद्दल आपल्या मनात शंका उरणार नाही.